आधी तू ऐकायचीस

सुजाता, तो बसचा ड्रायव्हर परत येतो असं तू मला सांगितलं होतंस. फोनवर, स्पष्ट शब्दांत. मी पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा सांगितलंस. त्या भरवशावर मी ती कादंबरी ऐकत होते. मग तू गेलीस आणि कादंबरी अर्ध्यावर राहिली. बस घाटात कडेला उभी सापडलेली, किल्ली आत, दिवे चालू, आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. तू गेल्यापासून मी त्या घाटातच अडकले होते. रोज चार वाजता चहा घेऊन खुर्चीत बसायची, इअरफोन कानात घालायची, आणि वाचणाऱ्याने पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला रे घेतला की बंद करायची. चहा मात्र प्यायची. वाया कशाला घालवायचा?

येणारे-जाणारे सांगायचे, मन रमवा, काहीतरी ऐकत जा. त्यांना काय सांगणार? की मी चौसष्ट वर्षांची बाई, नारायण पेठेत जन्म काढलेली, सगळ्या सोसायटीला नियम शिकवणारी, आणि पुढं काय होणार हे आधी कळल्याशिवाय मला साधी गोष्टसुद्धा ऐकवत नाही? ही गोष्ट तुला ठाऊक, तुझ्या भाऊजींना ठाऊक, आणि आता तू नाहीस म्हटल्यावर जाणणारे निम्मे झाले.

आपली पद्धतच तशी होती. कोणतीही कादंबरी आधी तू ऐकायचीस, पार शेवटपर्यंत. मग मी विचारायची, "कोण मरतं?" आणि तू डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसं सांगायचीस. म्हातारा जातो, पण त्याचं वय झालंय. कुत्रं जगतं. धाकटीचं लग्न मोडतं, पण बरंच होतं ते. विहिरीचा प्रसंग आहे, पण पोरगं पडत नाही, नुसतं डोकावतं. एवढं कळलं की मी निवांत ऐकायला बसायची. तुझे भाऊजी एकदा म्हणाले, शेवट कळल्यावर ऐकायचं काय उरतं? तू फोन स्पीकरवर असल्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं. तू तिकडून म्हणालीस, भाऊजी, घरी रोज आमटीच असणार हे तुम्हाला ठाऊक असतं, तरी जेवता ना? त्यानंतर या विषयात त्यांनी तोंड घातलं नाही.

हे काही कादंबऱ्यांपासून सुरू झालेलं नाही. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला परगावच्या लाइनी जोडून द्यायला आपण शेजारी शेजारी बोर्डावर बसायचो तेव्हापासूनचं आहे. तू अमरावतीहून नवीन आलेली, लांब वेणी, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणालीस, "काऊन वं, तू एवढी घामाघूम काऊन होऊन राहिली?" मी घामाघूम होत होते कारण माझ्यासमोर लाइटनिंग कॉल आला होता. साध्या कॉलच्या कितीतरी पट दर भरून, सगळ्यांच्या आधी लाइन मागणारा माणूस शंभरातून नव्वद वेळा वाईटच बातमी सांगणार असायचा. आणि लाइन नीट लागली की नाही हे बघायला पहिले दोन शब्द आपल्याला ऐकावेच लागायचे. त्या दोन शब्दांतच सगळं असायचं. "दादा, आई..." एवढं कानावर पडलं की मला दिवसभर पाणी गोड लागायचं नाही.  माझ्या बोर्डावरचा तो कॉल स्वतःकडे घेतलास आणि तुझ्याकडचे दोन साधे कॉल मला दिलेस. पुढं तीच वहिवाट झाली. माझे लाइटनिंग तुझ्याकडे, तुझे दोन साधे माझ्याकडे. सुपरवायझरबाईंनासुद्धा माहीत होतं, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

त्या नोकरीने आपल्याला पेन्शन दिली आणि कान दिले. माणूस खरं बोलतोय की बनवतोय, हे तुला "हॅलो"वरून कळायचं. खोटं बोलणाऱ्याचं वाक्य शेवटी जरासं वर चढतं, असं तुझं म्हणणं. मी पडताळून पाहिलंय, खरं आहे. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी "पाणी उद्या येईल" म्हणतो ना, ते चांगलं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतं.

मग निवृत्ती झाली. तू तुझ्या लेकीबरोबर, प्राचीबरोबर, हडपसरपलीकडे मांजरीला राहायला गेलीस, उसाच्या फडाला खेटून उभ्या असलेल्या त्या उंच इमारतीत. डोळ्यांनी वाचणं तुला जड जायला लागलं होतं. प्राचीची नोकरी हिंजवडीला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या बसमध्ये तिचे जातायेता तास जायचे, त्यात ती कादंबऱ्या ऐकायची. तिनंच आपल्या दोघींच्या फोनमध्ये ते अ‍ॅप घालून दिलं. "एवढ्या ट्रॅफिकमध्ये एक नायक लग्न करून पस्तावतोसुद्धा," असं तू म्हणायचीस. लेकीची दगदग तुला बघवत नव्हती, म्हणून असलं काहीतरी बोलायचीस हे मला कळायचं.

आणि मग तुझी मतं सुरू झाली. बाप रे, तुझी मतं! लेखकाला तू फारशी विचारातच घ्यायची नाहीस. लिहिणाऱ्याने लिहिलं, सुटला. पण वाचणारा रोज आपल्या कानात येऊन बसतो, त्याला पारखून घ्यायला नको? प्रत्येकाला तू नाव ठेवलं होतंस. एक होती आकाशवाणी, प्रेमपत्रसुद्धा हवामानाच्या अंदाजासारखं वाचणारी. एक होती घाईबाई, तिची गाडी नेहमी चुकत असायची. एक होते मधाळराव. ते भाजीवाल्याचं वाक्यही असं वाचायचे की मेथीची जुडी घेताना लाज वाटावी. मी विचारायची, अगं, एवढी नावं ठेवतेस तर ऐकतेस कशाला? तू म्हणायचीस, शेजारी कसे आहेत हे बघायला खिडकी उघडी ठेवावीच लागते.

खरा राग तुला एकाच गोष्टीचा यायचा. कादंबरीत कुणी विदर्भातला आला की वाचणारे त्याला विनोदी करून टाकायचे. नायक पुणेरी शुद्ध बोलणार, आणि पाणी आणून देणारा, पैसे खाणारा, नाहीतर दारात उभा राहून दात काढणारा मात्र "राजेहो" करत येणार. लेखकाने तसं लिहिलेलंही नसायचं. वाचणाऱ्याच्या मनानेच ठरवलेलं, की हसायचा माणूस म्हणजे तिकडचा. तुझा आवाज तेव्हा एकदम थंड व्हायचा. "आमच्याकडे माणसं मरतात पण, नीला. रडतात पण. सगळा वेळ जोक नाही करून राहत," असं तू म्हणाली होतीस. मी त्यावर काहीतरी सारवासारव केली, की अगं सहज करतात, मनात काही नसतं. तू "हो ना, सहजच," एवढंच म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी खूप वेळ अस्वस्थ होते. त्या दिवसापासून तसला आवाज आला की माझ्याही कानाला खुपतो.

पण त्याच विषयावर आपण हसून हसून मेलोही आहोत. तो मधाळरावांचा प्रताप आठवतो? कादंबरीतल्या एका वकिलाला त्यांनी पहिल्यापासून सदाशिव पेठी, तुपातला आवाज दिला. प्रकरणामागून प्रकरणं वकीलसाहेब आपलं "अहो, आपण असं करूया" करतायत. आणि पार शेवटाकडे कोर्टात न्यायाधीश म्हणतो, तुमचं हे वऱ्हाडी बोलणं ऐकून बरं वाटलं. म्हणजे महाराजांनी पुस्तक आधी वाचलंच नव्हतं. समोर येईल ते वाचत सुटले होते. आता काय करतील? त्या वाक्यानंतर वकिलाने जो वऱ्हाडी सूर लावला, तो पार शेवटपर्यंत. माणूस युक्तिवादाला उभा राहिला पुण्याचा आणि खाली बसला अकोल्याचा. तू मला तो भाग फोन फोनाला लावून ऐकवलास. म्हणालीस, बघ, म्हणून मी आधी पुढं जाऊन बघून येते, न बघता घुसलं की असं होतं.

आपलं खरं भांडण मात्र हुंदकेरावांवरून होतं. ते मिटलं नाही, आणि तू गेल्यावर कसं मिटायचं ते मला कळत नव्हतं.

हुंदकेराव मला आवडतात. खोल आवाज, सावकाश वाचणारे, आणि दुःखाचा प्रसंग आला की ज्यांना खरंच भरून येतं. शब्द अडकतो, नाक ओढल्याचं ऐकू येतं. तुला ते अजिबात चालायचं नाही. त्यानेच रडून घेतलं तर आपण काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? मी म्हणायची, मला भीती वाटत असताना शेजारी आणखी कुणालातरी भीती वाटतेय हे कळलं की बरं वाटतं. तू म्हणायचीस, भ्यालेल्याला भ्यालेला सोबती काय कामाचा? बोर्डावर बसलेल्या बाईचा आवाज हलला तर लाइनवरच्या माणसाने कुणाकडे बघायचं? तिने सरळ आवाजात सांगायचं, बोला, लाइन चालू आहे, आणि रडायची जागा त्याला मोकळी सोडायची. मी म्हणायची, हे एक्स्चेंज नाही, ही कादंबरी आहे. तू म्हणायचीस, कानाला काय फरक पडतो?

मी तेव्हा विषय बदलून तुझ्या ब्लडप्रेशरवर जायची.

ही घाटातल्या बसची कादंबरी हुंदकेरावांनीच वाचलीय. बसस्टँडवर कँटीन चालवणारी गोदा आणि तिचा नवरा बबन, एसटीचा ड्रायव्हर. तो बस घेऊन जातो, घाटात रस्त्यावर काहीतरी पडलंय म्हणून बघायला खाली उतरतो, आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. प्रवासी खोळंबून बसलेले. तू नेहमीप्रमाणे आधी सुरुवात केलीस, आणि मध्येच तुझ्या हृदयाच्या झडपेचं निघालं. मला सांगताना तू म्हणालीस, बारीकसं काम आहे, नळाचा वॉशर बदलतात तसं. मी इंटरनेटवर बघू का म्हटलं, तर ओरडलीस. बघायचं नाही, मी सांगतेय ना?

तू अ‍ॅडमिट झालीस त्या दुपारी मी फोन केला. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या, आणि खरं सांगते, पहिली विचारायचं धैर्य होत नव्हतं म्हणून मी दुसरीपासून सुरुवात केली. म्हटलं, बबन येतो ना गं परत? मी बस सापडली तिथवर आलेय, पुढं जाऊ का?

"येतो ना. ऐक तू बिनधास्त," तू म्हणालीस.

नक्की ना, असं मी पुन्हा विचारलं. तेव्हा तू म्हणालीस, "नीला, तो पण येतो आणि चार दिवसांत मी पण येते घरी. झालं समाधान?"

मी कान देऊन ऐकत होते. तुझं एकही वाक्य शेवटी वर चढलं नाही. जन्मभर आवाज ऐकलेल्या माझ्यासारख्या बाईला त्यात तसूभर काही सापडलं नाही. मी फोन ठेवला, गॅस बंद आहे ना ते बघितलं, आणि त्या दिवशी खूप दिवसांनी जेवण नीट गेलं.

प्राचीचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. ती फक्त "मावशी" म्हणाली. दोन शब्दसुद्धा लागले नाहीत, एकातच कळलं. मी फोन यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. उरलेले मटार सोलले. हे येऊन दारात उभे राहिले, मी विचारलं नाही. मग आम्ही रिक्षा करून मांजरीला आलो. तुला बघितलं, नमस्कार केला, प्राचीला जवळ घेतलं. सगळ्या बायका म्हणत होत्या, रडून घ्या, मोकळ्या व्हा. मला रडू आलं नाही. मी तिथं कुणाचा चहा राहिलाय का तेच बघत होते. लोकांना वाटलं, पुण्याची बाई आहे, कोरडीच असणार.

तुझ्या पुण्यानुमोदनाला पुन्हा आलो. हॉलमध्ये बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे तुझा फोटो ठेवला होता, एक्स्चेंजच्या निरोप समारंभातला, ज्यात तू हसू दाबतेयस. कारण सुपरवायझरबाईंच्या भाषणात मी तुला चिमटा काढला होता. मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झालं, तुझ्या चुलतभावाने चार शब्द सांगितले. जेवणं झाल्यावर प्राची माझ्याशेजारी येऊन बसली.  मी आपलं म्हटलं, ती घाटातली कादंबरी मी अजून पुरी केली नाही गं, तुझ्या आईने शेवट सांगून ठेवलाय तरी धीर होत नाही.

प्राचीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मावशी, आईने ती पूर्ण ऐकलीच नव्हती. तिला तो वाचणारा सहन होईना. बस सापडते तिथवर ऐकली आणि बंद केली. म्हणाली, नीलाला सांगू नको, तिला तो आवडतो."

मला आधी हसू आलं. खरंच सांगते. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा ही बाई आपलं मत गिळून गप्प बसली, आणि तेही माझ्या हुंदकेरावांसाठी. आणि मग लक्षात आलं. म्हणजे बबन येतो की नाही, तुला ठाऊकच नव्हतं? मी प्राचीला विचारलं, मग ऑपरेशनचं? तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी धोका आहे हे स्वच्छ सांगितलं होतं. तू तिला बजावलं होतंस, मावशीला कळता कामा नये, नाहीतर माझ्याआधी तीच जाईल.

सुजाता, परत येताना रिक्षात मी तुझ्यावर इतकी चिडले होते की हे दोनदा म्हणाले, जरा हळू, ड्रायव्हर मागं बघतोय. आपण इतकी वर्षं एका गोष्टीवर उभ्या होतो. तू बघून यायचीस आणि मला सांगायचीस, आणि तू सांगितलंस की मी पाऊल टाकायची. त्यातलं एक न बघता सांगितलंस, एक बघून चक्क उलटं सांगितलंस. मग बाकीच्यांचं काय? काय काय खरं होतं? तुझं प्रत्येक "काही होत नाही" मी रिक्षात बसून पुन्हा आठवत होते. प्राचीच्या जन्माच्या वेळचं, माझ्या गाठीच्या तपासणीच्या वेळचं, आणि यांच्या अपघाताचं.

अपघाताचं मी बोलूनच दाखवलं. सोलापूर रस्त्यावर यांची स्कूटर घसरली तेव्हा फोन एक्स्चेंजलाच आला होता, तुझ्या बोर्डावर. तू हेडफोन काढून माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, हात मोडलाय फक्त, जिवाला काही नाही. मी तेवढ्यावर तग धरून दवाखान्यात पोचले होते. आणि पोचले तेव्हा हातच मोडलेला होता, जिवाला काही नव्हतं. निदान ते तरी खरं होतं, असं मी यांना म्हटलं.

 तेव्हा हे म्हणाले, अगं, फोन तिथल्या एका ढाबेवाल्याने केला होता. त्याने मला रस्त्यावर पडलेलं बघितलं, स्कूटरच्या डिकीतल्या डायरीत एक्स्चेंजचा नंबर मिळाला, आणि पळत जाऊन फोन केला. मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. हाताचं तर संध्याकाळी फोटो काढल्यावर कळलं. तुला सुजाताने दुपारी कसं सांगितलं असेल?

रिक्षा हडपसरच्या सिग्नलला थांबली. म्हणजे तेव्हाही तुला ठाऊक नव्हतं. एक माणूस रस्त्यात पडलाय, एवढंच तुझ्या कानावर आलं होतं. जिवंत आहे की नाही हे तूही जाणत नव्हतीस. ते न जाणणं तू तुझ्याकडे ठेवून घेतलंस आणि मला हात मोडल्याचा साधा कॉल दिलास. मी पोचून परत फोन करेपर्यंत तू त्या बोर्डावर कशी बसली असशील? मी तुला हे एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं तू बघून येतेस. तुला भीती वाटत नाही, कारण तुला पुढचं ठाऊक असतं. कसलं ठाऊक? तू माझ्याइतकीच अंधारात होतीस. फक्त आवाज हलू द्यायचा नाही, एवढं तुला जमायचं.

आणि त्या दवाखान्यात? "चार दिवसांत मी पण येते" म्हणताना तुला काय वाटत होतं? तुझे लाइटनिंग कोण घेत होतं गं, सुजाता? मी तर विचारत होते, बबन येतो का.

घरी आल्यावर राग कुठं गेला ते कळलं नाही. काळजी मात्र गेली नाही, ती माझी जन्माची सोबतीण. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता मी चहा घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की बस सापडली तिथं तूही थांबली होतीस. म्हणजे आपण दोघी एकाच जागी आहोत. पुढचं तू बघितलेलं नाहीस. पुढं जायचं तर आता शेजारच्या खुर्चीत कुणी नाही, आणि तुला शेवट सांगायचा तर तो मलाच ऐकावा लागेल.

घाबरले होते, खोटं कशाला सांगू? छातीत धडधड इतकी, की ती ऐकू येतेय की बसचं इंजिन तेच कळेना. दोनदा बंद केलं. एकदा उठून गॅस बघून आले. मग बसले आणि म्हटलं, हं, चला.

तर ऐक आता. तू अर्धवट सोडलीस म्हणून सांगते. शोधाशोध होते. पोलीस येतात, दरीत माणसं उतरतात, पावसाने माघारी येतात. गोदा कँटीन उघडत राहते. लोक तिला येऊन काय काय सांगतात. कुणी म्हणतं नाशिकला दिसला, कुणी म्हणतं साधू झाला, कुणी म्हणतं दुसरी केली. ती सगळ्यांना चहा देते. आणि शेवटच्या प्रकरणात डेपोतला एक माणूस कँटीनच्या दारात येऊन उभा राहतो. हातात कापडी पिशवी. बोलायला त्याला जमत नाही. गोदा त्याच्या चेहऱ्याकडे बघते, आणि तिला कळतं. समोर गिऱ्हाईक उभं आहे. ती त्याला म्हणते, जरा थांबा. मग एकेकाला चहा देते. सुटे परत करते. फडकं पिळून वाळत घालते. पदराला हात पुसते, बाहेर येते, त्याच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "हां, सांगा."

तिथं संपते कादंबरी. बबन येत नाही, सुजाता.

आणि तुला एक सांगायचंय, ते ऐकून तू चडफडशील. हुंदकेराव रडले नाहीत. मी वाट बघत होते, की आता याचा गळा दाटणार, आता नाक ओढणार. काही नाही. "हां, सांगा" त्याने इतकं सरळ वाचलं, की जणू खरंच कँटीनमधली बाई बोलतेय, मागं स्टोव्ह चालू आहे, आणि दुसऱ्या गाडीची वेळ झालीय. तू जसं वाचायला हवं म्हणायचीस, अगदी तसं. तू आणखी थोडा वेळ दम काढला असतास तर तुला तो पटला असता. म्हणजे भांडणात मी जिंकले, आणि तेही तुझ्या नियमाने. आता कुणाला फोन लावू?

इअरफोनमध्ये पुढं त्या कंपनीचं काहीतरी वाजायला लागलं, वाचणाऱ्याचं नाव, ध्वनिमुद्रण कुणाचं, ते. मी ते काढलं. आणि माझ्या पोटातून असा काही आवाज आला की मलाच ओळखू येईना. रडू म्हणजे किती असावं? खुर्चीचे हात धरून मी रडत होते, मोठ्याने, दार-खिडक्या उघड्या असताना, शेजारी ऐकतायत की नाही याची पर्वा न करता. हे गॅलरीत पेपर वाचत होते, ते चष्मा हातात घेऊन धावत आले. काय झालं, काय झालं म्हणून माझे खांदे धरले.

मी त्यांना म्हटलं, "अहो, आपली सुजाता गेली."

"हो," ते म्हणाले, आणि माझ्याशेजारी खाली बसले.